श्वार्त्सवाल्डच्या वहिवाटा

दक्षिण जर्मनीत राहावयास गेलेल्या माणसाला डोंगर शोधत हिंडावे लागत नाही; बहुतेक गावांच्या कोणत्या ना कोणत्या अंगाला ते उभेच असतात, आणि माउंटन बाइक या नावाने ओळखली जाणारी, रुंद खाचदार टायरांची आणि पुढच्या चाकाला सस्पेंशन असलेली डोंगरी सायकलही तेथे सहज मिळते. परंतु त्या डोंगरात ही सायकल कोणत्या वाटेने चढवावी आणि विशेषतः कोणत्या वाटेने उतरवावी, हे नीट उमजावयास वर्ष-दोन वर्षे जातात. आणि त्याचे कारण तेथील भूगोलात नसून त्या मुलखाच्या कायद्यात, जमिनीच्या मालकीच्या इतिहासात आणि अरण्याविषयी तेथील लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या ममत्वात आहे. मी पुण्यात वाढलो आणि सायकलीचे डोंगरी शिक्षण वेताळ टेकडीच्या मुरमाड पायवाटांवर घेतले, त्यामुळे ज्या वाटेवरून माणसे आणि गुरे पूर्वापार ये-जा करीत आली आहेत तिच्यावरून आपणही जावे, हाच शिरस्ता माझ्या परिचयाचा होता. फ्रायबुर्गला आल्यावर मात्र प्रत्येक वाटेला मालक आहे, मोजलेली रुंदी आहे, तिची देखभाल करणारी संस्था आहे आणि तिच्यावर कोणी चालावे, कोणी घोडा न्यावा, कोणी सायकल न्यावी याविषयी लिखित तरतूद आहे, हे हळूहळू ध्यानात आले. आणि ज्या वाटांवर आज मी मनापासून प्रेम करतो त्या मला नकाशावरून जितक्या सापडल्या त्याहून अधिक या तरतुदींच्या व त्या राबविणाऱ्या माणसांच्या परिचयातून सापडल्या.

फ्रायबुर्ग हे शहर ऱ्हाइन नदीचे सपाट खोरे आणि श्वार्त्सवाल्डची पर्वतराजी यांच्या नेमक्या सांध्यावर वसलेले आहे. पश्चिमेस नदीपर्यंत शेते आणि द्राक्षमळे पसरलेले, तर पूर्वेस शेवटच्या घराच्या परसाला लागूनच अरण्याचा आरंभ. शहराचा मध्यभाग समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरांच्या आसपास, आणि नगरपालिकेच्या हद्दीतच समाविष्ट असलेल्या शाउइन्सलांड शिखराची उंची १,२८४ मीटर; म्हणजे एका शहराची वेस न ओलांडता हजार मीटरांची चढण चढण्याची सोय येथील नागरिकास उपलब्ध आहे. खुद्द नगरपालिकेच्या मालकीचे अरण्य सुमारे ५,२०० हेक्टर असून शहराच्या एकूण क्षेत्रफळाच्या सुमारे एक-तृतीयांश इतके ते आहे. मध्ययुगीन मठांची, सरदार घराण्यांची आणि खाणमालकांची मालकी अनेक शतकांत बदलत बदलत आजच्या स्वरूपास आलेली ही वनसंपत्ती नगराचे उत्पन्नाचे साधन आहे, पाण्याचा साठा आहे आणि विरंगुळ्याचे स्थानही आहे. रविवारी दुपारी शहरातील आजी-आजोबा, लेकुरवाळी कुटुंबे, धावणारे विद्यार्थी आणि कुत्र्यांना फिरवावयास निघालेली माणसे असे सारे त्याच वाटांवर भेटतात. सायकलस्वाराने आपल्या मनाजोग्या वाटेचा शोध याच गर्दीतून, या सर्वांचा हक्क आपल्याहून जुना आहे हे मान्य करून, घ्यावयाचा असतो.

या शोधात पहिली भेट होते ती एका कलमाशी. संपूर्ण जर्मनीला लागू असलेल्या १९७५ च्या वनकायद्याने विरंगुळ्यासाठी अरण्यात प्रवेश करण्याची मुभा प्रत्येकास दिली आहे, मग ते अरण्य सरकारी असो वा खासगी. सायकलीस मात्र रस्ते आणि वाटा यांपुरतीच परवानगी ठेवली आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याच्या स्वतंत्र वनकायद्याचे ३७ वे कलम त्याहून पुढे जाते. दोन मीटरांहून कमी रुंदीच्या वाटेवर सायकल चालविण्यास त्यात मज्जाव केलेला आहे. घोड्यांच्या बाबतीत खुणा केलेल्या पदभ्रमण-मार्गांसाठी ही मर्यादा तीन मीटरांची आहे. आणि या सर्व निर्बंधांना अपवाद करण्याचा अधिकार वनखात्याकडे राखून ठेवलेला आहे. डोंगरी सायकलीचा खरा आनंद ज्या वाटांत असतो, त्या बहुतेक सर्व हातभर-दोन हात रुंदीच्या, मुळांनी विणलेल्या, खडकांना वळसा घालून उतरणाऱ्या एकेरी पायवाटा. म्हणजे ज्या वाटांसाठी ही सायकल घडविली गेली, नेमक्या त्याच वाटा या कलमाने तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या. शेजारच्या बव्हेरियात अशी रुंदीची अट नाही, कारण तेथे १९४६ च्या राज्यघटनेनेच निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेण्याचा व अरण्यात आणि डोंगरकुरणांत वावरण्याचा हक्क प्रत्येकास बहाल केला आहे, आणि सायकलीला योग्य अशा वाटेवर सायकल नेणे हा त्याच हक्काचा भाग मानला जातो. एकाच देशात, एका राज्याची सरहद्द ओलांडताच, एकाच स्वरूपाच्या वाटेचा कायदेशीर दर्जा बदलतो, हे नव्याने आलेल्याने प्रथम लक्षात घ्यावयास हवे.

बाडेनच्या भूमीने असे कलम करावे याचे मला विशेष वाटते, कारण सायकलीचा मूळ पुरुष या भूमीचा, आणि तोही वनाधिकारी. कार्ल ड्राइस हा १७८५ मध्ये कार्ल्सरूह येथे जन्मला, बाडेनच्या ग्रँड ड्यूकच्या वनखात्यात नोकरीस लागला, आणि १८१७ च्या १२ जून रोजी त्याने मानहाइमहून श्वेत्सिंगेनच्या दिशेने आपल्या लाकडी, दोन चाकांच्या, पायांनी जमीन मागे रेटून पुढे न्यावयाच्या यंत्रावरून पहिली प्रसिद्ध फेरी केली. पुढील वर्षी जानेवारीत ग्रँड ड्यूकने त्याला या यंत्राची सनदही दिली. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, १९९५ साली, दोन घटना येथे घडल्या. फ्रायबुर्गच्या पूर्वेस दहा-बारा किलोमीटरांवर असलेल्या किर्खत्सार्टन या टुमदार गावी डोंगरी सायकलींची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, तीत हॉलंडचा बार्ट ब्रेन्टयेन्स आणि कॅनडाची ॲलिसन सिडोर हे क्रॉस-कंट्री प्रकारात विजयी झाले, आणि पुढल्याच वर्षी अटलांटा येथे हा खेळ प्रथमच ऑलिंपिकमध्ये दाखल होऊन ब्रेन्टयेन्सने तेथेही सुवर्णपदक मिळविले. आणि याच १९९५ मध्ये दोन मीटरांचा निर्बंध अंमलात आला. जगभरचे खेळाडू ज्या डोंगरात बोलावले त्या डोंगराच्या अरुंद वाटा स्थानिक मुलांना त्याच वर्षी बंद झाल्या. तरीही या मातीत खेळ वाढत राहिला: दक्षिण श्वार्त्सवाल्डमधील साबिने श्पित्स हिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले, आणि किर्खत्सार्टनहून निघणारी लांब पल्ल्याची सायकल-शर्यत तर आता त्या खोऱ्याचा वार्षिक उत्सव होऊन बसली आहे.

नव्या माणसाने आरंभ वनरस्त्यांवर करावा, आणि त्यांना कमी लेखू नये. ओंडके वाहून नेणाऱ्या मालमोटारींसाठी खडी दाबून केलेले हे तीन-चार मीटर रुंदीचे रस्ते साऱ्या श्वार्त्सवाल्डमध्ये पसरलेले आहेत. त्यांचा चढ इंजिनिअरांनी आखलेला असल्याने सौम्य असतो, पाणी वाहून जाण्यासाठी ठरावीक अंतरावर आडवे पन्हळ काढलेले असतात, आणि बाराही महिने, हिमाचे आठवडे वगळता, ते वापरण्याजोगे राहतात. दोन मीटरांचे कलम त्यांना लागू होत नाही. अरण्याची ओळख खऱ्या अर्थाने त्यांच्यावरच होते. खालच्या पट्ट्यात बीच आणि ओक, वर चढत जावे तसे रुपेरी फर आणि स्प्रूस, मध्येच शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतून आणून लावलेल्या डग्लस फरची सरळसोट राई. शहराच्या दक्षिणेकडील ग्युंटर्सटालच्या वनात असाच एक डग्लस फर सदुसष्ट मीटरांहून अधिक उंच वाढला असून तो जर्मनीतील सर्वांत उंच वृक्ष म्हणून नोंदलेला आहे. १९९९ च्या डिसेंबरात लोथार नावाच्या चक्रीवादळाने या पर्वतावरील अरण्याचे विस्तीर्ण पट्टे भुईसपाट केले. त्या जागी उगवलेल्या तरुण, मिश्र वनातून जाताना, जुन्या एकसुरी स्प्रूस-लागवडीशेजारी ते किती वेगळे दिसते, हे सायकलीच्या संथ चढाच्या गतीनेच नीट पाहता येते.

एकेरी वाटेची भूक मात्र वनरस्त्याने भागत नाही, हेही तितकेच खरे. फ्रायबुर्गमध्ये ती भागते ती मुख्यत्वे रॉसकॉप्फ या ७३७ मीटर उंचीच्या, शहराच्या ईशान्येस उभ्या असलेल्या डोंगरावर. त्याच्या माथ्यावर १८८९ साली बांधलेला, ग्रँड ड्यूक फ्रीडरिखच्या नावाचा मनोरा आहे, आणि तेथवर जाण्यास शहरातून रुंद वाटेने तास-सव्वा तास पुरतो. येथून खाली उतरणारी ‘बॉर्डरलाइन’ ही वाट स्थानिक सायकलस्वारांच्या संघाने, नगरपालिकेच्या वनखात्याशी रीतसर करार करून आणि कलमातील अपवादाच्या तरतुदीचा आधार घेऊन, स्वतः खोदून तयार केलेली आहे. ‘बाडेन टू द बोन’ नावाची दुसरी अशीच वाट याच परिसरात आहे. या वाटा पायवाटा म्हणून पूर्वी नव्हत्या. सायकलीसाठीच त्या आखल्या गेल्या, आणि म्हणून त्यांच्यावर पादचाऱ्याशी गाठ पडण्याची धास्ती बाळगावी लागत नाही. वळणांना बाहेरच्या अंगाने मातीचा बांध घातलेला असतो, म्हणजे वेग न मोडता सायकल कलती ठेवून फिरविता येते. उताराच्या मध्ये मध्ये लहान उंचवटे ठेवलेले असतात, ते पाण्याचा प्रवाह तोडतात आणि स्वाराला ब्रेक न दाबता वेग आवरण्यास मदत करतात. जेथे वाट वनरस्ता ओलांडते तेथे तिला मुद्दाम आडवी, अडखळती केलेली असते, की कोणी बेफामपणे रस्त्यावर येऊ नये. वाट बांधणे ही स्थापत्याचीच एक शाखा आहे, आणि तिचा सगळा डोलारा पाण्याला वेळीच बाजूस काढून देण्यावर उभा आहे, हे मला येथे कळले.

हे कळण्याचा मार्ग श्रमदान. अशा वाटांच्या दुरुस्तीचे दिवस ठरलेले असतात. त्या दिवशी वीस-पंचवीस माणसे कुदळी, फावडी, दंताळी आणि हातगाड्या घेऊन जमतात, हिवाळ्यात वाहून गेलेली माती पुन्हा चोपून बसवितात, पडलेली झाडे वनखात्याच्या संमतीने कापून बाजूस सारतात, आणि दुपारी एकत्र बसून पाव, चीज आणि सफरचंदाचा रस घेतात. जर्मन भाषा मला तेव्हा मोडकी-तोडकीच येत होती, पण फावड्याला भाषा लागत नाही, आणि दिवसाखेरीस शेजारी काम करणाऱ्याने आपण होऊन सांगितलेल्या दोन-तीन वाटा कोणत्याही नकाशाहून मोलाच्या ठरल्या. परदेशी नव्याने आलेल्या प्रत्येक सायकलप्रेमी मराठी तरुणास माझा आग्रह असतो की, त्याने आधी स्थानिक संघाची वर्गणी भरावी आणि वाटदुरुस्तीच्या दिवशी हजर राहावे. चांगल्या वाटा लोक अनोळखी माणसाला सांगत नाहीत, आणि तसे न सांगण्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही, कारण एखाद्या नाजूक वाटेचा बोभाटा झाला की तिच्यावरील वर्दळ वाढते, वर्दळीने तक्रारी वाढतात आणि तक्रारींनी वाट बंद होते.

शाउइन्सलांडची गोष्ट निराळी. या डोंगराच्या पोटात शतकानुशतके चांदी, शिसे आणि जस्ताच्या खाणी चालल्या, त्या १९५४ मध्ये बंद झाल्या. १९३० पासून त्याच्या माथ्यापर्यंत ३.६ किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग जातो. आणि माथ्यावरील मोकळ्या कुरणांत पश्चिमेच्या वाऱ्याने एकाच दिशेला वाकविलेले बीच वृक्ष आहेत, ज्यांची छायाचित्रे या प्रदेशाच्या प्रत्येक दिनदर्शिकेत असतात. सायकलीने वर जाण्यास ग्युंटर्सटालहून वनरस्त्यांची साखळी आहे, आणि सवयीच्या माणसालाही ती दोन तासांहून अधिक वेळ मागते. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून ऱ्हाइनपलीकडे फ्रान्समधील व्होज पर्वत आणि दक्षिणेस आल्प्सची शुभ्र रांग दिसते. उतरण्यास मोहक पायवाटा पुष्कळ आहेत, पण त्यांतील बऱ्याच अरुंद, जुन्या आणि पादचाऱ्यांच्या. १८६४ मध्ये फ्रायबुर्गला स्थापन झालेल्या श्वार्त्सवाल्ड-संघाने, जर्मनीतील या सर्वांत जुन्या पदभ्रमण-संस्थेने, त्यांची निगा राखलेली. याच संघाने १९०० साली आखलेला, फोर्त्सहाइमहून बाझेलपर्यंत २८५ किलोमीटर जाणारा आणि तांबड्या चौकटीच्या खुणेने ओळखला जाणारा ‘वेस्टवेग’ हा मार्ग युरोपातील पदभ्रमंतीचा एक आद्य नमुना आहे. त्याच्या अरुंद भागांवर सायकल नेऊ नये. कायद्याने मनाई आहे म्हणून तर नयेच, पण ज्यांनी एकशेवीसहून अधिक वर्षे प्रत्येक दगडावर आणि खोडावर ही खूण रंगवीत ठेवली त्यांच्या श्रमांचा मान म्हणूनही नये. शाउइन्सलांडहून मी वनरस्त्यांनी उतरतो, आणि अरुंद वाटांवर पायी जातो.

उंचावरच्या पठारांत शिरण्याचा सोपा मार्ग आगगाडीचा. फ्रायबुर्गहून निघणारी ह्योलेनटालची गाडी किर्खत्सार्टन मागे टाकून एका अरुंद, कडेतुटल्या घळीत शिरते, आणि इतका तीव्र चढ चढते की पूर्वी, १९३० च्या दशकाच्या आरंभापर्यंत, तेथे दातेरी रुळाचा आधार घ्यावा लागे. १८८७ मध्ये सुरू झालेल्या या लोहमार्गाने तासाच्या आत टिटिझे सरोवर गाठता येते, आणि तेथून फुटणाऱ्या शाखेवरील फेल्डबर्ग-बेरेनटाल हे ९६७ मीटर उंचीचे स्थानक जर्मन रेल्वेच्या प्रमाण रुंदीच्या मार्गांवरील सर्वांत उंच स्थानक आहे. कामाच्या दिवशी सकाळची गर्दीची वेळ टाळली तर येथील बहुतेक प्रादेशिक गाड्यांत सायकल विनामूल्य नेता येते. बेरेनटालला उतरावे, वनरस्त्यांनी रिंकनच्या खिंडीपर्यंत चढावे, आणि मग त्सास्टलरच्या खोऱ्यातून ओबेररीडमार्गे किर्खत्सार्टनपर्यंत झेप घ्यावी, हा माझ्या सर्वांत आवडीचा दिवसभराचा मार्ग. वाट कोठेही कायद्याबाहेर नाही, उतार दीर्घ आणि अखंड आहे, आणि वाटेत गोठ्यांच्या अफाट उतरत्या छपरांची, अर्धी घर अर्धी गोशाळा असलेली जुनी शेतघरे लागतात. १,४९३ मीटर उंचीच्या फेल्डबर्गचा माथा मात्र सायकलीने टाळावा. तो १९३७ पासून संरक्षित असून राज्यातील सर्वांत जुन्यांपैकी एक आणि सर्वांत विस्तीर्ण संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. या उंचावरील विरळ वनांत आउअरहान हा मोठा, काळा, आता दुर्मिळ झालेला रानकोंबडा राहतो. हिवाळ्यात आणि वसंतात त्याला एकदा दचकवून उडविले की तुटपुंज्या आहारावर साठविलेली त्याची शक्ती त्यातच खर्ची पडते. म्हणून वाट सोडून जाणे हा या पर्वतातील सर्वांत मोठा अपराध मानावा, मग ती वाट कितीही रुंद वा अरुंद असो.

मार्च-एप्रिलात, जेव्हा हजार मीटरांवर अजून हिम साचलेले असते आणि खाली वितळलेल्या पाण्याने वाटा चिखलल्या असतात, तेव्हा सायकल पश्चिमेस वळवावी. ऱ्हाइनच्या मैदानात एकट्याच उठलेल्या कैझरश्टूल या ज्वालामुखीजन्य टेकड्यांचा सर्वोच्च माथा ५५७ मीटरांचा. दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेल्या माणसाला तेथील काळा दगड पाहून चटकन ओळख पटल्यासारखे होते, जरी हा ज्वालामुखी आपल्या सह्याद्रीच्या लाव्हाहून कोट्यवधी वर्षांनी तरुण आहे. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेल्या, चाळलेल्या पिठासारख्या बारीक पिवळ्या लोएस मातीचा जाड थर या टेकड्यांवर साचला आहे, आणि शतकांच्या गाड्यांनी आणि पावसाने त्यात उभ्या भिंतींचे खोल, बोळासारखे रस्ते कोरले आहेत. कोरड्या दिवशी त्यांतून सायकल नेण्यासारखे सुख नाही. पावसानंतर मात्र हीच माती टायरांना आणि ब्रेकांना असे लिंपून घेते की दोन दिवस तिकडे फिरकू नये.

नकाशाविषयी दोन शब्द. राज्याच्या मोजणीखात्याचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे वाटेची जात दाखवितात, पण तिचा स्वभाव सांगत नाहीत. तो सांगण्यासाठी जर्मन सायकलस्वारांनी एस-शून्य ते एस-पाच अशी श्रेणी तयार केली आहे: एस-शून्य म्हणजे अडथळ्याविना गुळगुळीत माती, एस-एकात लहान मुळे आणि खडे, एस-दोनात पायऱ्या व मोठी मुळे, एस-तीनपासून अशी तीव्र, आखूड वळणे की मागचे चाक उचलून फिरवावे लागते, आणि पाच तर निवडक कसबी माणसांसाठीच. ओपनस्ट्रीटमॅपच्या मुक्त नकाशात स्वारांनीच ही श्रेणी वाटावाटांवर नोंदविली आहे, आणि कोमूटसारख्या मोबाइलवरील साधनांत ती पाहता येते. पण या साधनांवरची दाट, रंगीत रेघ ही फक्त तेथून पुष्कळजण गेले एवढेच सांगते. जाण्याची मुभा होती की नाही, हे ती सांगत नाही. ते वाटेच्या तोंडावरील फलकावरच वाचावे लागते, आणि लाकूडतोडीसाठी तात्पुरता बंद केलेला मार्ग तर या साधनांत सहसा दिसत नाही. अशा फलकापुढे एकही पाऊल टाकू नये, कारण उतारावर तोडलेला ओंडका कोठवर घरंगळेल याचा नेम नसतो. संध्याकाळी अंधार पडण्याच्या सुमारास अरण्य मोकळे करावे हाही येथील अलिखित संकेत. ती वेळ रेह हरणांची आणि रानडुकरांची, आणि उंच लाकडी मचाणावर परवान्यानिशी बसलेल्या शिकाऱ्याची.

शेजारच्या देशांत परिस्थिती किती वेगवेगळी आहे ते पाहिले की बाडेनचे कलम नीट समजते. ब्रायझाखचा पूल ओलांडून फ्रान्समध्ये गेले की व्होज पर्वतात १८७२ मध्ये स्थापन झालेल्या पदभ्रमण-संस्थेच्या रंगीत खुणा आणि सायकलीसाठीच्या, एक त्रिकोण व दोन वर्तुळांच्या खुणा एकाच झाडावर शेजारी शेजारी दिसतात; तेथे वाटेच्या रुंदीचा सर्वसाधारण दंडक नाही. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांचे जाळे घटनेनेच संरक्षिलेले होते, आणि २०१८ च्या सप्टेंबरात सार्वमत घेऊन ७३.६ टक्के मतदारांनी त्याच कलमात सायकलमार्गांचीही भर घातली. ग्राउब्युन्डन प्रांताने तर पादचारी आणि सायकलस्वार यांनी एकाच वाटेवर सौजन्याने नांदावे हे धोरण मनापासून राबविले, आणि तेथील लेंत्सरहाइडे येथे त्याच वर्षी जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा त्याच प्रांताचा पुत्र निनो शूर्टर आपल्या लोकांसमोर विजयी झाला. ऑस्ट्रियात याच्या अगदी उलट: १९७५ च्या वनकायद्याने चालणाऱ्यास मोकळीक दिली, परंतु सायकलस्वारास जमीनमालकाची संमती आवश्यक ठेवली, म्हणून टिरोलने मालकांशी करार करून, विम्याची आणि देखभालीची जबाबदारी सार्वजनिक निधीतून उचलून, वाट वाट जोडत मोठे जाळे उभे केले. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने तर बहुतेक सर्व जमिनीवर, चालणाऱ्याप्रमाणेच सायकलस्वारालाही, जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला. या सर्व देशांत अरण्ये आहेत, पादचारी आहेत, वन्य जीव आहेत. तरीही एकाने रुंदी मोजली, दुसऱ्याने करार केले, तिसऱ्याने सौजन्यावर भिस्त ठेवली.

माझे स्पष्ट मत असे की, बाडेन-व्युर्टेम्बर्गने रुंदीचा हा दंडक रद्द करावा. २०१३-१४ मध्ये डोंगरी सायकलस्वारांच्या जर्मन संघटनेने राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, त्यावर पन्नास हजारांहून अधिक सह्या होत्या, आणि तो फेटाळला गेला. विरोधकांची काळजी खरी आहे. अरुंद वाटेवर वृद्ध माणसाच्या पाठीमागून अचानक सायकल आली तर त्याला धडकी भरते, आणि ज्याने तसे कधी अनुभवले त्याला कायद्याचा आधार हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण वाट किती मीटर रुंद आहे यावर ती धडकी अवलंबून नाही. रुंद खडीच्या रस्त्यावर सायकलीचा वेग कितीतरी अधिक असतो, आणि मुळांच्या अरुंद वाटेवर स्वाराला मुळातच पायी चालण्याच्या गतीवर यावे लागते. अरुंद वाटेवर समोर माणूस दिसताच थांबावे, सायकल उताराच्या बाजूस घेऊन उभे राहावे, अभिवादन करावे आणि त्याला पुढे जाऊ द्यावे, हे मी ग्राउब्युन्डनमध्ये शेकडो लोकांना सहजपणे करताना पाहिले आहे, आणि उत्तरादाखल हसून नमस्कारही मिळताना पाहिले आहे. दंडक रद्द होईतोवर अपवादाची तरतूद हीच खरी वाट आहे. रॉसकॉप्फवर तिचा उपयोग किती समाधानकारक झाला हे नगरपालिकेच्या वनखात्याला ठाऊकच आहे. तसाच एक करार शाउइन्सलांडच्या ग्युंटर्सटालकडील उतारासाठी व्हावा, चढणाऱ्यांना जुना वनरस्ता आणि उतरणाऱ्यांना पदभ्रमण-मार्गांपासून दूर, नव्याने आखलेली एकेरी वाट मिळावी, आणि आउअरहानाच्या विणीच्या काळात, वसंतारंभापासून उन्हाळा लागेतो, वरचा टप्पा बंद ठेवण्याची अट त्या करारातच घातली जावी.